यमन, मालकंस आणि टीबी-३०३

'ॲसिड हाउस' हा नाचाच्या संगीताचा प्रकार शिकागोत नव्हे तर मुंबईत जन्मला, असे विधान २०१० नंतर इंग्रजी वृत्तपत्रांतून वारंवार छापून आले आणि त्यांच्या आधाराने ते आपल्याकडेही फिरू लागले. मुंबईकराला ते ऐकायला गोड वाटते. पण गोड वाटणारे विधान जरा जास्तच कसून तपासावे लागते. या विधानाच्या मुळाशी एकच एलपी आहे. तीवर काय छापले आहे, ती कोणत्या यंत्रांवर वाजवली गेली आणि ती यंत्रे कधी बाजारात आली, एवढ्या गोष्टी नीट मांडल्या तरी बरेच धुके निवळते.

एलपीचे नाव 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट'. वादक चरणजीत सिंग. प्रकाशक ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया, म्हणजे कुत्र्याच्या चिन्हाची आपली एचएमव्ही. वर्ष १९८२. दोन बाजूंना पाच-पाच राग. पहिल्या बाजूवर भैरव, ललित, भूप, तोडी, मधुवंती. दुसऱ्या बाजूवर मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. प्रत्येकाला साधारण पाच मिनिटे. आलाप नाही, विलंबित नाही, तबला नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत चार मात्रांचा यांत्रिक ठोका, खाली खर्जात सतत फिरणारी एक चिवट, ओलसर घरघर आणि तिच्यावर रागाचे स्वर.

ही यादी मी पुन्हा पुन्हा वाचली, कारण तिच्यात एक क्रम दिसतो. भैरव-ललितची पहाट, तोडीची सकाळ, मधुवंतीची दुपार, मग पावसाचा मेघमल्हार, सांजेचा यमन, रात्रीचे कलावती आणि मालकंस, आणि शेवटी पुन्हा पहाटेचा बैरागी. भूप तेवढा सकाळच्या रागांत घुसला आहे, आणि काटेकोर पाहिले तर ललित भैरवाच्या आधी यायला हवा होता. तरीही ही रचना योगायोगाची नाही. डिस्कोचा शिक्का मारून विकायच्या तबकडीत रागांची वेळ सांभाळावी असे कोणाला तरी वाटले होते. ही गंमत म्हणून केलेली खोड नव्हती, हे सांगायला मला वेष्टनावरची ही यादी पुरते.

आता यंत्रांकडे वळू. या एलपीवर जपानी रोलंड कंपनीची तीन यंत्रे वाजतात. टीआर-८०८ हे तालयंत्र १९८० साली बाजारात आले. ज्युपिटर-८ हा एका वेळी आठ स्वर वाजवू शकणारा सिंथेसायझर १९८१चा. टीबी-३०३ हे छोटे, चंदेरी, बेस गिटारची साथ देण्यासाठी बनवलेले यंत्र १९८१च्या अखेरीपासून विक्रीला आले आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. तबकडी १९८२ची. म्हणजे सगळ्यात नवे यंत्र बाजारात येणे आणि तबकडी निघणे यांत फार तर वर्षभराचे अंतर उरते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलायला लावणारी 'मिडी' ही पद्धत १९८३ साली आली, म्हणजे हे काम तिच्याही आधीचे. रोलंडची ताल जुळवण्याची स्वतःची केबल तेवढी होती.

परदेशी विद्युत वाद्यांवर जबर आयात शुल्क असण्याच्या त्या काळात मुंबईतल्या एका वादकाकडे ही यंत्रे इतक्या लवकर आली कशी? चरणजीत सिंग यांनी उतारवयात मुलाखतींतून सांगितले आहे की ही खरेदी त्यांनी सिंगापूरला केली. अठ्ठावीस-तीस वर्षांनी सांगितलेली आठवण पुराव्यात दुय्यम धरावी हे खरे, पण ही आठवण यंत्रांच्या तारखांशी जुळते, म्हणून ती मी स्वीकारतो. त्यांच्या धंद्याशीही ती जुळते.

हा धंदा काय होता, हे समजल्याशिवाय तबकडी समजत नाही. १९४० साली जन्मलेले चरणजीत सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे वादक. गिटार, बेस, ट्रान्झिकॉर्ड, पुढे सिंथेसायझर. शंकर-जयकिशन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, राहुल देव बर्मन यांच्या ध्वनिमुद्रणांत त्यांनी काम केले. या वादकांची नावे श्रेयनामावलीत येत नसत. संगीतकाराचे आणि फार झाले तर सहायकाचे नाव येई. त्यामुळे मुंबईच्या स्टुडिओंमधल्या शेकडो पारशी, गोवेकर, पंजाबी, मराठी वादकांचा इतिहास लिहायला कागद सापडत नाही. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने २००८ साली 'बिहाइंड द कर्टन' हे पुस्तक लिहिले, ते मुख्यतः वादकांच्या मुलाखतींवर उभे करावे लागले ते याचमुळे. चरणजीत सिंग यांचे नाव ज्यांवर ठळक छापले गेले त्या वस्तू वेगळ्या : चित्रपटगीतांच्या सुरावटी गिटारवर किंवा कीबोर्डवर वाजवलेल्या एचएमव्हीच्या तबकड्या. हॉटेलात, इराण्याच्या दुकानात, लग्नाच्या मांडवात वाजणारा हा माल. त्यांचा स्वतःचा ऑर्केस्ट्राही होता आणि तो देशभर लग्नासमारंभात चालू गाणी वाजवी. अशा माणसाला नवे वाद्य हौसेपुरते लागत नाही. ऑर्केस्ट्रावाल्याकडे शेजारच्या ऑर्केस्ट्रात नसलेला आवाज असावा लागतो. त्यावर त्याची सुपारी ठरते.

बाजारही तापलेला होता. १९८०च्या 'कुर्बानी'त बिद्दू यांनी बांधलेले नाझिया हसनचे गाणे गाजले, १९८१ मध्ये 'डिस्को दीवाने' आली, आणि १९८२च्या डिसेंबरात बप्पी लाहिरींचे संगीत असलेला 'डिस्को डान्सर' पडद्यावर आला. चरणजीत सिंग यांचे स्वतःचे म्हणणे अगदी साधे आहे : चित्रपटांत सगळीकडे डिस्को चालू होता, तेव्हा त्याच ठोक्यावर काही वेगळे करावे, तबला बंद ठेवून राग वाजवावेत, असे वाटले आणि केले. यात भविष्यवेत्त्याचा आव कुठे नाही. मला हे म्हणणे वृत्तपत्रांच्या मथळ्यांपेक्षा जास्त विश्वासार्ह वाटते.

कीबोर्डवर राग वाजवण्याची आपल्याकडे चेष्टा होते, तिला जुना इतिहास आहे. पेटीवर श्रुती येत नाहीत, मींड येत नाही, म्हणून आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केले आणि ते कित्येक वर्षे उघडले नाही. श्रुतींचा आक्षेप ज्युपिटर-८लाही लागू आहे, पण मींडेचा नाही. त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे, आणि टीबी-३०३ मध्येही सोळा पायऱ्यांपैकी कोणत्या स्वराने पुढच्यावर घसरायचे ते आधी भरून ठेवता येते. तबकडीवरचा मालकंस ऐका. खालचे यंत्र तीच सोळा घरे न थकता मोजत राहते आणि वरचा हात मात्र शिकलेल्या माणसासारखा थांबतो, वळतो, घसरतो. काही राग इथे नुसते आरोह-अवरोहाच्या कसरती होऊन बसले आहेत, हेही सांगायला हवे. यमन मला फिका वाटतो. मालकंस आणि भैरव टिकतात.

तबकडीला त्या वेळी दखल घेण्याजोगे यश मिळाले नाही आणि ती दिसेनाशी झाली. २००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकाला तिची प्रत दिल्लीतल्या एका जुन्या दुकानात मिळाली. त्याने पुढे मुंबईत वादकाचा शोध लावला आणि २०१० मध्ये आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' या लेबलवर ती पुन्हा काढली. त्यावर युरोपातल्या अनेक जाणकारांची पहिली प्रतिक्रिया काय होती? ही थाप आहे. कोणा इंग्रज संगीतकाराने, बहुधा एफेक्स ट्विनने, जुनी भारतीय तबकडी असल्याचे सोंग केले आहे. मुंबईच्या लग्नातल्या वादकाला हे १९८२ साली सुचणे शक्य नाही, हे या शंकेतले न बोललेले वाक्य. शंका फिटली ती मूळ एचएमव्हीच्या प्रती संग्राहकांकडून बाहेर आल्या म्हणून, आणि चरणजीत सिंग स्वतः, सत्तरी उलटल्यावर, युरोपच्या मंचांवर वाजवायला उभे राहिले म्हणून. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

आता मूळ दावा. शिकागोच्या 'फ्यूचर' या गटाची 'ॲसिड ट्रॅक्स' ही तबकडी १९८७ मध्ये ट्रॅक्स रेकॉर्ड्सने काढली. त्याआधी रॉन हार्डी 'म्युझिक बॉक्स' या क्लबात ती टेपवरून वाजवत असे. तारखांच्या हिशेबाने मुंबई पाच वर्षे पुढे. पण आधी असणे वेगळे आणि उगम असणे वेगळे. मुंबईची तबकडी शिकागोला पोचली, कोणी ऐकली, तिच्यावरून काही उचलले, याचा एकही दुवा कुठल्याही कागदात, मुलाखतीत वा तबकडीत नाही. दोन्हीकडचा आवाज सारखा आहे, कारण यंत्र तेच आहे. वापर मात्र उलटा. मुंबईत ते नवे, महागाचे, परदेशातून आणलेले यंत्र होते आणि त्यात रागाच्या चौकटीत बसणारे स्वर विचारपूर्वक भरले गेले. शिकागोत पोचेपर्यंत त्याचे उत्पादन बंद पडून ते सेकंडहँड बाजारात मातीमोलाने मिळू लागले होते. तिथल्या पोरांनी त्याची बटणे वाजता वाजता पिळली आणि जे चित्कार निघाले तेच संगीत ठरवले. एकाने यंत्राला राग शिकवला, दुसऱ्यांनी यंत्राला मोकाट सोडले. ॲसिड हाउस हे दुसरे. चरणजीत सिंग यांनी ते शोधले नाही, आणि त्यांच्या कामाचे मोल त्यावर अवलंबूनही नाही.

टीआर-८०८ची गोष्ट याहून बोलकी. एप्रिल १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या टॉमी बॉय कंपनीने आफ्रिका बंबाटाची 'प्लॅनेट रॉक' काढली आणि हिप हॉपचा ठोका कायमचा बदलला. ठोका देणारे यंत्र हेच. म्हणजे एकाच वर्षी ब्रॉन्क्सचा डीजे आणि मुंबईचा ऑर्केस्ट्रावाला एकाच कारखान्यातल्या पेटीसमोर बसले होते. ब्रॉन्क्सच्या इतिहासाला कागदाची साथ मात्र चांगली मिळाली. ११ ऑगस्ट १९७३ ला सेजविक ॲव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत कूल हर्कने जी पार्टी केली, जिला हिप हॉपचा जन्म मानतात, तिचे हाताने लिहिलेले निमंत्रणाचे कार्ड आज उपलब्ध आहे : मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. आणि त्याच हर्कने आपल्या रेकॉर्डवरची लेबले पाण्यात भिजवून काढून टाकली होती, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना गाणी कळू नयेत. तिथे लेबल पुसले तरी इतिहास उरला. इथे लेबलाखेरीज फारसे काही उरले नाही.

चरणजीत सिंग यांना एकांड्या चमत्कारासारखे उभे करणेही कागदांना मान्य नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून दिला होता आणि गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर आदींनी त्यावर १९७२ पर्यंत काम केले. त्या टेपा संस्थेतच पडून होत्या; पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताने त्या धुंडाळल्या आणि २०२३ मध्ये त्यांतल्या निवडक प्रकाशित झाल्या. १९८२ सालीच कोलकात्याच्या रूपा विश्वास यांनी कॅनडातल्या कॅलगरीत सरोदवादक आशिष खाँ यांच्याबरोबर 'डिस्को जाझ' केली. तीही विस्मरणात गेली आणि २०१९ मध्ये अमेरिकेत पुन्हा निघाली. तिन्ही प्रकरणांत वस्तू भारतीय कलावंतांच्या, आणि त्यांना पुन्हा प्रकाशात आणणारे बाहेरचे.

याला एक कोरडे कारण आहे. छापील पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांत पोचवणे १९५४च्या कायद्याने प्रकाशकावर बंधनकारक केले. ध्वनिमुद्रिका त्या कायद्यात नाहीत. कंपनीने जपले तर जपले. १९८०च्या दशकात कॅसेटने बाजार व्यापला तेव्हा एलपी घराघरांतून रद्दीत गेल्या आणि चोर बाजारातल्या ढिगांत पोचल्या. तिथून त्या उचलणारे हौशी लोक हेच आपले ध्वनिसंग्रहालय झाले. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'ने आणि तिचे डॉ. सुरेश चांदवणकर यांनी 'द रेकॉर्ड न्यूज'मधून जुन्या तबकड्यांच्या नोंदी चिकाटीने छापल्या. पण त्यांचा ओढा साहजिकच शास्त्रीय, नाट्यसंगीत आणि ७८ गतीच्या रेकॉर्डकडे राहिला. लग्नाच्या ऑर्केस्ट्रांची, हॉटेलातल्या बँडची, 'हिट ट्यून्स'च्या तबकड्यांची दखल घ्यायला कोणी बसले नाही.

म्हणून ज्यांच्या घरी माळ्यावर अशा तबकड्या असतील त्यांना एवढेच सांगणे : त्या विकायच्या तर जरूर विका, पण आधी वेष्टनाच्या दोन्ही बाजूंचा आणि दोन्ही लेबलांचा फोटो काढा, आणि मधल्या गुळगुळीत भागावर कोरलेले आकडे लिहून ठेवा. ऑर्केस्ट्राची पत्रके, सुपारीची बिले, स्टुडिओच्या पावत्या रद्दीत घालू नका. घरात त्या काळचा वादक अजून असेल तर त्याने कोणते वाद्य, कोणत्या साली, कुठून घेतले ते विचारून तारखेसह कागदावर उतरवून घ्या.