१७. चौकातली विहीर
मुळातला शब्द ‘पोत्सो’. ‘विहीर’ म्हटले खरे, पण व्हेनिसच्या या विहिरीला झरा नाही. ते पावसाच्या पाण्याचे टाकेच. ‘टाके’ चोख बसले असते, पण मग दोर-बादलीचे चित्र हरवते. शहर खाऱ्या खाजणात. खणून गोडे पाणी लागणार कुठून? म्हणून चौक खोल खणून तळाला नि कडांना चिकणमाती लिंपत, आत वाळू भरत आणि मधोमध विटांचा आड बांधत. फरशीतल्या जाळीदार दगडांतून उतरलेले पाणी वाळूतून गाळले जाऊन आडात झिरपे. ते पुरले नाही, की ब्रेंता नदीचे पाणी होड्यांतून आणून ओतत. १८८४ मध्ये नळ आले. आज तोंडांवर झाकणे आहेत. दोरांनी पाडलेल्या खाचा मात्र काही काठांवर अजून बोटाला लागतात. — संपा.