अटी, शर्ती आणि उघडी चाकं

शर्यत हा शब्द पायांतून आलेला नाही, कागदातून आलेला आहे. अरबी ‘शर्त’ म्हणजे अट. फारसीच्या वाटेने ती मराठीत आली आणि इथे तिला तीन रूपं फुटली. निविदेच्या शेवटी बारीक अक्षरात छापतात त्या ‘अटी व शर्ती’ हे पहिलं रूप, प्रयत्नांची करतात ती ‘शर्थ’ हे दुसरं. तिसरी शर्यत. तिच्यात आता अट कुणाला दिसत नाही, धावणारेच दिसतात. मधला दुवा पैजेचा असावा. तुझा बैल पुढे गेला तर मी इतके देईन, ही अट. तिच्यावर पैसे लागले की पैज. आणि पैजेचा निकाल लावायला बैल पळवावेच लागतात, म्हणून पळवण्यालाच शर्यत म्हणू लागले.

बरं, ‘पैज’ तरी कुठली? ती संस्कृत ‘प्रतिज्ञा’ झिजून झालेली. जुन्या धर्मशास्त्रात वादी न्यायसभेपुढे आपलं म्हणणं मांडे, त्याला प्रतिज्ञाच म्हणत. आजही नोटरीपुढे सही करतो ते प्रतिज्ञापत्र. म्हणजे शर्यत काय आणि पैज काय, दोन्ही शब्द न्यायाच्या दारातून आत आलेले.

हे मराठीचंच वेड असेल असं वाटलं, तर फॉर्म्युला वनच्या उघड्या चाकांच्या मोटारींकडे पाहावं. ‘फॉर्म्युला’ म्हटलं की आपल्याला शाळेतलं बीजगणित आठवतं, नाहीतर राजकारणातला जागावाटपाचा फॉर्म्युला. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ छोटा साचा. पण रोमन लोकांनी तो कोर्टात वापरला. प्रेटर नावाचा अधिकारी दोन्ही पक्षांचं ऐकून खटल्याचा मुद्दा ठरलेल्या शब्दांत लिहून देई: अमुक गोष्ट सिद्ध झाली तर याला दोषी धरा, नाही तर सोडा. त्या लेखाचं नाव फॉर्म्युला. निकाल देणाऱ्याने त्या चौकटीतच निकाल द्यायचा.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारशर्यतींचे नियम नव्याने बांधले गेले तेव्हा हाच शब्द वर आला. इंजिनात हवा दाबून भरणारा सुपरचार्जर असेल तर दीड लिटर, नसेल तर साडेचार लिटर, ही त्या वेळची मुख्य अट. 13 मे 1950 रोजी इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोन इथे जागतिक अजिंक्यपद सुरू झालं ते याच अटीवर. तेव्हा ‘फॉर्म्युला वनची शर्यत’ असं आपण म्हणतो, त्यात अट दोनदा येते, एकदा लॅटिनमधून आणि एकदा अरबीतून. ‘लेडीज बाई’सारखीच गंमत, पण इथे कुणाला हसू येत नाही.

‘ग्रां प्री’ हे नाव ऐकायला भारदस्त. फ्रेंचमध्ये अर्थ नुसता ‘मोठं बक्षीस’. तेही घोड्यांकडून घेतलेलं, कारण पॅरिसच्या घोडशर्यतीला 1863 पासून हे नाव होतं. पॅडॉक, म्हणजे गाड्या ठेवण्याचं आवार, आणि पोल पोझिशन, म्हणजे सुटताना सगळ्यात पुढची जागा, हे शब्दही तबेल्याकडचेच. पोल म्हणजे आतल्या कठड्यालगतचा खांब, त्याच्याजवळून सुटणाऱ्या घोड्याचं अंतर कमी. मोटारींना ते नाव मिळालं तेव्हा खांब उरलाच नव्हता.

पण मोटारींची पहिली ग्रां प्री जन्मली ती अटीवरच्या भांडणातून. त्याआधी गॉर्डन बेनेट चषकाच्या शर्यती होत. त्यात प्रत्येक देशाच्या तीनच गाड्या, असा नियम. फ्रान्समध्ये मोटारी बनवणारे ढिगाने. त्यांनाही तीन आणि ज्यांच्याकडे धड एक कारखाना नाही त्यांनाही तीन, हे फ्रेंचांना कसं पटावं? त्यांनी तो चषक सोडला आणि 1906 च्या जूनमध्ये ल मां शहराजवळ स्वतःची शर्यत भरवली. सार्वजनिक रस्त्यांचा सुमारे 103 किलोमीटरचा फेरा, दोन दिवस पळापळ, गाडीचं वजन 1000 किलोच्या आत. चालक आणि त्याच्या शेजारी बसलेला मेकॅनिक सोडून गाडीला कुणी हात लावायचा नाही. रेनॉ गाडीतून फेरेंत्स सिस जिंकला. बक्षीस 45,000 फ्रँक, म्हणजे नावाप्रमाणे मोठंच. वजनाची अट पाळायची तर मडगार्डसारखा फाफटपसारा कोण ठेवील? चाकं उघडी पडली.

चाकं झाकण्याचा प्रयत्न पुढे झालाही. 1954 मध्ये मर्सिडीजने चाकांवरून गुळगुळीत पत्रा ओढलेली गाडी आणली आणि फ्रान्समधल्या रँसच्या सरळ रस्त्यांवर पहिल्याच शर्यतीत जिंकली. मग सिल्व्हरस्टोनला फांजिओसारखा कसलेला चालक त्याच गाडीतून वळणावरच्या खुणेच्या पिंपांना धडकत राहिला आणि चौथा आला. पुढचं चाक नेमकं कुठे आहे तेच त्याला दिसेना. जर्मनीतल्या नुरबुर्गरिंगच्या वळणांसाठी मर्सिडीजने मुकाट्याने उघड्या चाकांची गाडी काढली, आणि पुढे तर नियमांनीच चाकं उघडी ठेवायला लावली. आपल्या गाडीवानाला हा प्रश्न कधी पडला नाही. त्याच्या चाकावरच्या लोखंडी पट्टीचं मराठी नावही काय सुरेख आहे: धाव.

या कोर्टकचेरीच्या भाषेतला मला सगळ्यात आवडणारा शब्द ‘शिकेन’. सरळ रस्त्यावर मुद्दाम घातलेली डावी-उजवी नागमोड, गाड्यांचा वेग मोडावा म्हणून. फ्रेंचमध्ये ‘शिकान’ म्हणजे खटल्यात खुसपटं काढणं, तारखा पाडणं, सरळ चाललेल्या दाव्यात आडवं घालणं. मराठीत याला कज्जेदलाली म्हणतात, आणि मला विचाराल तर त्या वळणाला ते नाव शोभलं असतं. 1971 मध्ये इटलीतल्या मोंझाला पीटर गेथिन ताशी 242 किलोमीटरहून जास्त सरासरीने, दुसऱ्याच्या जेमतेम एक शतांश सेकंद पुढे जिंकला. हे फार झालं, असं ठरून पुढच्याच वर्षी तिथे शिकेन घातले गेले. इटालियन लोक त्यांना ‘व्हारियान्ते’ म्हणतात, म्हणजे पर्यायी वाट. सभ्य शब्द आहे, पण त्यात मजा नाही.

‘सर्किट’ची मूळ लॅटिन फोड सोपी: भोवती जाणं. पण इंग्लंडमध्ये बाराव्या शतकापासून न्यायाधीश ठरलेल्या फेरीने गावोगावी जाऊन न्याय देत, त्या फेरीला सर्किट म्हणत. साहेब फिरतीवर असताना उतरे ते सर्किट हाऊस. मुंबईच्या बोलीत डोकं फिरलेला तो सर्किट, म्हणजे तिथेही फिरणं आलंच. आणि ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं, ज्यासाठी सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली.

न्यायाधीशांचं सर्किट फिरतं. मोटारींचं मात्र एका जागी. ल मांचे रस्ते शर्यत संपली की पुन्हा बैलगाड्यांचे होत. नंतर केवळ शर्यतीसाठी रस्ते बांधले गेले, रस्त्यासारखी डावी-उजवी वळणं असलेले पण कुठल्याच गावाला न जाणारे. ग्रेटर नोएडाचं बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट हे त्यातलंच. लांबी सव्वापाच किलोमीटरला थोडी कमी, नाव गौतम बुद्ध नगर जिल्ह्याला साजेसं. 30 ऑक्टोबर 2011 रोजी तिथे भारताची पहिली ग्रां प्री झाली. ती आणि पुढच्या दोन्ही वर्षांच्या सेबास्टियन फेटेलने जिंकल्या.

मग शर्यत कोर्टात गेली. फॉर्म्युला वनचे व्यापारी हक्क असलेल्या ब्रिटिश कंपनीने भारतात कर भरायचा का, असा वाद होता. दोन देशांमधल्या करारानुसार तिची इथे ‘स्थायी आस्थापना’ असेल तरच कर लागणार. कंपनीचं म्हणणं, आम्ही वर्षातले मोजके दिवस येतो, यात स्थायी काय? सर्वोच्च न्यायालयाने दिवस मोजण्यापेक्षा ताबा कुणाचा होता ते पाहिलं. त्या दिवसांत सर्किटवर हुकूम याच कंपनीचा चालत होता, तेव्हा तेवढे दिवस पुरेत. 24 एप्रिल 2017 रोजी बुद्ध सर्किट ही त्या कंपनीची भारतातली स्थायी आस्थापना ठरली. फॉर्म्युला वनची तिथली शेवटची शर्यत होऊन तेव्हा साडेतीन वर्षं झाली होती.