सिराज औरंगाबादींची गझल: कागदाआधी कान

गुलमंडी म्हणजे फुलांचा बाजार. याच जुन्या शहरात १८ व्या शतकात सूफी कवी सिराज औरंगाबादी राहत होते. त्यांची सर्वांत गाजलेली गझल आजही कव्वालीत गातात. ती प्रेयसीची की ईश्वराची, हा वाद तूर्त बाजूला ठेवा. आधी तिचा नाद मोजू या.

प्रत्येक ओळीत चार सारखे तुकडे: ल ल गा ल गा. म्हणजे २० अक्षरं. अरबी छंदशास्त्रात हे 'कामिल' वृत्त. शाळेतलं 'यमाताराजभानसलगं' आठवा आणि गण पाडा: स, ज, ज, भ, र, स, ल, ग. बसले ना? पण छापील देवनागरीवरून मोजाल तर फसाल. पहिल्याच ओळीत शब्द जोडणारा फारसी 'ए' दोनदा येतो. एकदा गुरू, एकदा लघू. आपल्या नियमाने 'ए' कायम गुरूच. त्यामुळे आधी ओळ ऐका, मग मोजा. (सायन्सवाल्यांनो, उपकरण तपासल्याशिवाय रीडिंग घेत नाही ना आपण?)

आता शेवट बघा. काफिया 'अरी', आणि त्यानंतर प्रत्येक शेराअखेर रदीफ एकच: 'रही', म्हणजे उरली. 'मी' जातो, 'तू' जातो, अक्कल गुंडाळून ठेवली जाते, आणि कानावर मात्र दर वेळी 'उरली' पडतं! शिवाय 'रही'मुळे शेवटी उरणारी गोष्ट स्त्रीलिंगीच लागते. म्हणून उरते ती बेखबरी. सूफींचा 'फना', म्हणजे स्वतःचं विरून जाणं, इथे व्याकरणातच बसवलाय. मला तरी यात प्रेम आणि भक्ती वेगळी काढता येत नाही.

चरित्रकार सांगतात, पुढे पीरांच्या आज्ञेवरून सिराजांनी कविता लिहिणंच सोडलं.