शिवाजी गायकवाडचा ड्रायव्हर

आमच्या घराण्यात सत्तरी उलटलेल्या प्रत्येक माणसानं एकदा तरी शिवाजी गायकवाडच्या हातून तिकीट घेतलेलं आहे. निदान त्यांचं म्हणणं तसं. बंगळूरच्या हनुमंतनगर, श्रीनगर, चामराजपेठ भागातल्या कुठल्याही मराठी घरात जा, हाच दावा ऐकायला मिळेल. सगळेच खरं बोलत असतील, तर त्या 10-ए बसचं इंजिन मॅजेस्टिकला आणि शेवटचं बाकडं श्रीनगरला असायला हवं होतं. पण म्हाताऱ्या माणसांचे असले हिशेब तपासायचे नसतात. त्यांनी सांगायचं, आपण ऐकायचं आणि मधूनमधून ‘मग?’ म्हणायचं.

शिवाजीराव गायकवाड म्हणजे रजनीकांत, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आमच्या थोरल्या आत्याच्या तोंडी मात्र ‘रजनीकांत’ कधी आलं नाही. ती ‘आपला शिवाजी’ म्हणायची. तमिळनाडूत कोट्यवधी लोक ज्याला ‘तलैवा’ म्हणून डोक्यावर घेतात, त्याच्याबद्दल ही बाई शेजारच्या आळीतल्या पोराबद्दल बोलावं तशी बोलायची.

आजोबांना, म्हणजे आमच्या अप्पांना, कुठलीही गोष्ट शहाजीराजांपासून सुरू करायची सवय होती. दुधाचा भाव वाढला तरी ते शहाजीराजांवर जायचे, मग शिवाजी गायकवाडच्या गोष्टीत तर त्यांना रानच मोकळं. 1638 साली विजापूरच्या रणदुल्लाखानानं केंपेगौडांकडून बंगळूर घेतलं आणि शहाजीराजांना जहागीर म्हणून दिलं. जिजाबाई आणि बालशिवाजी इथं येऊन राहून गेले. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वराच्या देवळात व्यंकोजींच्या काळातला 1669 चा शिलालेख आहे. एवढं सांगून झालं की अप्पा पान जुळवायला घ्यायचे आणि म्हणायचे, “तेव्हा आपण काही इथं पाहुणे नव्हे.” आमचा मूळ पुरुष शहाजीराजांच्या घोडदळातून आला, असंही ते ठोकून द्यायचे. कागद एकही नाही. देव्हाऱ्यात जेजुरीचा खंडोबा होता, एवढाच काय तो पुरावा.

गायकवाडांचंही मूळ त्याच जेजुरीच्या आसपासचं, मावडी कडेपठारचं. तिथून कुळी दक्षिणेत सरकली. आज तमिळनाडूच्या कृष्णगिरी जिल्ह्यात असलेलं नाचिकुप्पम हेही त्यांचं गाव. वडील रामोजीराव पोलीस खात्यात साधे शिपाई होते. 12 डिसेंबर 1950 ला बंगळुरात धाकटा मुलगा झाला आणि त्याचं नाव ठेवलं शिवाजी. परमुलखातल्या मराठी घरात हे नाव ठेवलं की गाव सुटल्याचं दुःख निम्मं होतं, असं आत्या म्हणायची. रामोजीराव निवृत्त झाल्यावर मंडळी हनुमंतनगरात राहायला आली. आई लवकर गेली. मोठ्या भावानं, सत्यनारायणरावांनी, या धाकट्याला सांभाळलं.

तेव्हाचं हनुमंतनगर म्हणजे टेकडी, टेकडीवर देऊळ आणि खाली लहान लहान घरं. घरात मराठी, गल्लीत कन्नड, पाठीमागच्या ओळीत तमिळ आणि तेलुगू. आमच्या मराठीत ‘सुम्ने’ आणि ‘स्वल्प’ कधी घुसले, कुणाला कळलं नाही. जेवणाचंही तसंच. पिठलं आमचं आणि त्याच्याशी भाकरीऐवजी रागी मुद्दे, म्हणजे नाचणीचा उकडलेला गोळा. डिसेंबर लागला की अवरेकाळू, म्हणजे पावटे, सोलायला सगळं घर पाट मांडून बसायचं. दाणे एकदा सोलायचे, मग भिजवून, चिमटीत दाबून त्यांची आतली सालं काढायची. त्या वासानं बोटं दोन दिवस भरलेली असायची. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीच्या मोठ्या नंदीसमोर कडलेकाई परिषे, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरायची, अजूनही भरते. नवं पीक आधी नंदीपुढं ठेवायचं आणि मग खिसे फुटेस्तोवर शेंगा भरायच्या. हनुमंतनगरहून नंदीचं देऊळ हाकेच्या अंतरावर. त्या आळीत वाढलेल्या पोरानं तिथं शेंगांची टरफलं टाकली नसतील, हे मी मानायला तयार नाही.

शिवाजी उनाड होता, यावर आमच्याकडच्या सगळ्या वडीलधाऱ्यांचं एकमत. भावानं त्याला रामकृष्ण मठात घातलं. तिथं पाठांतरं, भजनं आणि नाटकं. महाभारतावरच्या एका नाटकात तो एकलव्याचा मित्र झाला होता आणि ते काम बघून कवी द. रा. बेंद्रे यांनी त्याची पाठ थोपटली, असं सांगतात. इथं अप्पा हमखास गाडी रुळावरून खाली उतरवायचे. बेंद्रे धारवाडचे, कन्नडचे एवढे मोठे कवी, पण घरची बोली मराठी, आणि त्यांनी मराठीतही लिहिलंय! “बघ,” अप्पा म्हणायचे, “मराठी घरातला एक माणूस कन्नडात जाऊन मोठा झाला, त्यानं मराठी घरातल्या दुसऱ्याची पाठ थोपटली आणि तो तमिळमध्ये जाऊन मोठा झाला.” अप्पांना याचं फार कौतुक. आपली भाषा सोडून दुसऱ्याच्या भाषेत शिरायचं आणि तिथं उभं राहायचं, ही आमच्यासारख्या घरांची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या होती. ती कुणाच्या तरी कामी आली, याचं त्यांना समाधान वाटे.

शाळा संपल्यावर पोरानं हमाली केली, सुतारकाम केलं, मिळेल ते केलं. मग बी.टी.एस.मध्ये कंडक्टर लागला. बी.टी.एस. म्हणजे बंगळूर ट्रान्सपोर्ट सर्व्हिस. लोक चेष्टेनं म्हणायचे, ‘बिट्रे तिर्गी सिगल्ला’. सुटली की पुन्हा मिळायची नाही. श्रीनगर ते मॅजेस्टिक हा त्याचा मार्ग. आताची मुलं मॉडेलिंगचा कोर्स करतात, फोटो काढून घेतात, चालायला शिकतात. त्याला बसमधली मधली वाट पुरली. कपाळावर आलेले केस उडवायचे, तिकीट फाडायचं, सुट्टे पैसे भिरकावल्यासारखे हातावर ठेवायचे आणि बस हलायच्या आत पुढच्या माणसाकडं. आत्या म्हणायची, बायका एक बस सोडून त्याच्या बसची वाट बघायच्या. “तूसुद्धा?” विचारलं की ती पदर सारखा करायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची.

बस पोचायची ते मॅजेस्टिक म्हणजे सिनेमाचं माहेरघर. कपाली, नर्तकी, सागर, त्रिभुवन अशी थिएटरंच थिएटरं, आणि पडद्यावर कन्नडचा राजकुमार. डोळ्यांसमोर रोज ही पोस्टरं आणि हातात तिकिटांचा गठ्ठा. सुट्टीच्या वेळात हा पौराणिक कन्नड नाटकांतून कामं करू लागला. ती कामं बघणाऱ्यांत त्याच्याच बसचा ड्रायव्हर होता, राज बहादूर.

आमच्या घरच्या गोष्टीचा खरा नायक हा राज बहादूर. बाकीच्या जगाला सिगारेट हवेत उडवून ओठांत झेलणारा रजनीकांत हवा असतो. आत्याच्या गोष्टीत मात्र रात्री डेपोत बस लावल्यावर कंडक्टरला ‘तू मद्रासला जा’ म्हणून बजावणारा ड्रायव्हर असायचा. घरच्यांना ते फारसं पटलं नव्हतं. पटणार कसं? सरकारी नोकरी, महिन्याचा पगार, पुढं पेन्शन, हे टाकून नाटकी शिक्षण घ्यायला जायचं! आमच्या घरात कुणी असं बोललं असतं, तर अप्पांनी शहाजीराजांनासुद्धा बाजूला ठेवलं असतं. पण राज बहादूर नुसतं बोलून थांबला नाही. 1973 साली शिवाजी मद्रासच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाला आणि हा ड्रायव्हर आपल्या पगारातून त्याला पैसे पाठवत राहिला. ड्रायव्हरचा पगार तो केवढा!

बेंद्र्यांना ज्ञानपीठ मिळालं तेही 1973 चंच. हा योगायोग अप्पांनी शोधून काढलेला, त्यामुळं इथं नोंदवणं भाग आहे.

इन्स्टिट्यूटमध्ये के. बालचंदर यांच्या नजरेत हा सावळा, चुणचुणीत मुलगा भरला. त्यांनी सांगितलं, तमिळ शीक. शिकला. पण नावाचा घोळ होता. तमिळ पडद्यावर शिवाजी गणेशन आधीच सिंहासनावर बसलेले. आणि गणेशनना ते नाव मिळालं होतं अण्णादुराईंच्या नाटकात शिवाजी महाराजांची भूमिका केल्यामुळं! म्हणजे महाराजांचं नाव घेऊन जन्मलेल्या मराठी मुलाला ते सोडावं लागलं, कारण महाराजांचं काम करणाऱ्या तमिळ नटाकडं ते अगोदरच गेलं होतं. बालचंदरांनी आपल्याच ‘मेजर चंद्रकांत’मधल्या एका पात्राचं नाव काढून याला दिलं. तो दिवस होळीचा होता म्हणतात. आत्याला हे भारी आवडायचं. “घरी पुरणपोळी असणार आणि हा तिकडं नवं नाव खात बसला!”

ऑगस्ट 1975 मध्ये ‘अपूर्व रागंगळ’ लागला. त्यात हा फाटक ढकलून आत येतो आणि भैरवीचं घर विचारतो. आपल्याकडे मैफल भैरवीनं संपते, याची सुरू झाली. पुढच्या वर्षी पुट्टण्णा कणगाल यांचा कन्नड ‘कथा संगम’ आला, तो आमच्या घरानं झाडून पाहिला. त्यात तो आंधळ्या मुलीचा घात करणारा खलपुरुष. थिएटरातून बाहेर पडताना आत्या रागानं लाल झाली होती म्हणे. शेजारच्या आळीतल्या पोरानं असं वागावं! काकांचं म्हणणं वेगळं, ती रडत होती. दोघांपैकी कोण खरं, ते आता ठरणार नाही. 1978 च्या ‘भैरवी’त तो पहिल्यांदा तमिळचा नायक झाला आणि तिथून पुढचं सगळ्यांना पाठ आहे. 2007 मध्ये त्याच्या सिनेमाचं नावच ‘शिवाजी’ ठेवलं गेलं, तेव्हा आत्यानं शेजारी साखर वाटली. नाव परत मिळालं एकदाचं.

मधल्या काळात शहर ओळखू येईनासं झालं. बी.टी.एस.ची बी.एम.टी.सी. झाली, कपाली थिएटर गेलं. पदुकोणांची दीपिका इथं मॉडेलिंग करून 2006 च्या ‘ऐश्वर्या’ या कन्नड सिनेमात आली आणि वर्षभरात मुंबईची झाली. कोंकणी घरातली मुलगी, म्हणून आत्यानं तिलाही ‘आपल्यात’ घेऊन टाकलं. मोठा कंपू होता आत्याचा.

25 ऑक्टोबर 2021 ला दिल्लीत रजनीकांतला दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, तेव्हा आत्याला टीव्हीसमोर खुर्ची लागली होती. त्यानं तो पुरस्कार अर्पण केला गुरू बालचंदरांना, भाऊ सत्यनारायणराव गायकवाडांना आणि मित्र, बस ड्रायव्हर राज बहादूरला. भाषण इंग्रजीत होतं, पण हे नाव आत्याच्या कानानं बरोबर टिपलं. “घेतलं,” ती म्हणाली. बास, एवढंच. इतकी वर्षं सांगत आलेल्या गोष्टीवर दिल्लीत शिक्का बसला होता.

गेल्या होळीला माझ्या चुलतभावाचा मुलगा घरी आला होता. कपड्यांच्या जाहिरातींत मॉडेलिंग करतो, आता मुंबईला जाऊन नशीब काढायचं म्हणतो. बरोबर खोलीतला मित्र होता, तमिळ मुलगा, कुठल्याशा कंपनीत नोकरीला. पोरानं मोबाइलवर फोटो दाखवले. आत्यानं चष्मा वर-खाली करून पाहिले, छान दिसतोस म्हणाली आणि मग तिच्या ठेवणीतला प्रश्न काढला.

“फोटो राहू दे. तुझा ड्रायव्हर कोण?”

त्याला गोष्ट ठाऊक होती. त्यानं हसून शेजारच्या मित्राकडं बोट केलं. “हा. मुंबईचं पहिल्या सहा महिन्यांचं भाडं हाच देणार आहे.”

आत्यानं पोळीचं ताट हातात घेतलेल्या माझ्या वहिनीला थांबवलं आणि म्हणाली, “मग आधी ह्याला वाढ. तूप जास्त घाल.”