वेस्ट एंड, लंडन : नाटक, भोजन आणि भटकंती

मध्य लंडनमधील सुमारे चाळीस व्यावसायिक नाट्यगृहांचा परिसर. स्ट्रँड, कॉव्हेंट गार्डन, लेस्टर स्क्वेअर, शाफ्ट्सबरी ॲव्हेन्यू व सोहो हे त्याचे मुख्य भाग.

दुसऱ्या चार्ल्स राजाने १६६० नंतर फक्त दोन नाटक मंडळ्यांना परवाने दिले. त्यांपैकी एकीने १६६३ मध्ये ड्रुरी लेनजवळ नाट्यगृह उघडले; तेथील आजची इमारत १८१२ ची आहे. परवान्यांची ही मक्तेदारी १८४३ च्या कायद्याने मोडली आणि पुढील अर्धशतकात लिरिक (१८८८), पॅलेस (१८९१) अशी नाट्यगृहे झपाट्याने उभी राहिली. अगाथा ख्रिस्तीचे ‘द माउसट्रॅप’ १९५२ मध्ये याच परिसरात सुरू झाले. १९७४ पासून ते सेंट मार्टिन्समध्ये आहे.

हा परिसर पायीच पाहावा. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे भुयारी रेल्वेचे अंतर जेमतेम २६० मीटर आहे, आणि वाटेत सेसिल कोर्टमधली जुन्या पुस्तकांची दुकाने लागतात. कॉव्हेंट गार्डनचा घाऊक भाजी-फुलबाजार १९७४ मध्ये नाइन एल्म्सला गेला. जुन्या मंडईत आता दुकाने आणि उपाहारगृहे आहेत. समोरच्या सेंट पॉल्स चर्चला नटांचे चर्च म्हणतात. आत व्हिव्हियन ली, चार्ली चॅप्लिन यांच्या स्मृतिपाट्या आहेत. शॉच्या ‘पिग्मॅलियन’चा पहिला अंक याच चर्चच्या खांबांखाली घडतो : नाटक सुटले आहे, पाऊस कोसळतो आहे, लोक गाडी शोधत आहेत आणि एक पोरगी फुले विकते आहे. पु. ल. देशपांडे यांनी या नाटकावरून ‘ती फुलराणी’ रचले आणि भक्ती बर्वे यांनी तिला मराठी रंगभूमीवर अजरामर केले. मराठी प्रेक्षकाने लंडनमध्ये एकच जागा पाहायची ठरवली, तर ती हीच असावी.

येथील जेवणाची वेळ नाटक ठरवते. रात्रीचा प्रयोग साधारण साडेसातला असल्याने अनेक उपाहारगृहे पाचच्या सुमारास ठरावीक दरात दोन-तीन पदार्थांचे ‘प्री-थिएटर’ जेवण देतात. नावाजलेल्या ठिकाणी बेताच्या खर्चात जेवण्याचा हा उत्तम मार्ग होय. मात्र टेबल आधी राखून ठेवावे. मेडन लेनमधील रूल्स १७९८ चे, तर माशांसाठी प्रसिद्ध असलेले शीकीज १८९६ चे. रीजंट स्ट्रीटवरील वीरस्वामी १९२६ मध्ये सुरू झाले. मुंबईच्या इराणी हॉटेलांवरून प्रेरणा घेतलेल्या दिशूमची पहिली शाखा अप्पर सेंट मार्टिन्स लेनमध्ये २०१० मध्ये निघाली.

मध्यंतरात प्रेक्षागृहातच आइस्क्रीमचे छोटे डबे विकायला येतात. पेयांची मागणी पडदा उघडण्यापूर्वीच नोंदवली, तर रांग टळते. प्रयोगानंतर भूक लागल्यास जेरार्ड स्ट्रीटवरील चिनी वस्तीतली हॉटेले उशिरापर्यंत उघडी असतात.