यादीत नाव नव्हतं

१७ ऑक्टोबर १९६१, मंगळवार
क्रेमलिनच्या तटबंदीआड काच-संगमरवराचं नवंकोरं सभागृह, आसनं सुमारे सहा हजार. सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाचं बाविसावं अधिवेशन इथे सुरू झालं. पक्षाच्या सर्वोच्च मंडळात, म्हणजे प्रेसिडियममध्ये, एकच स्त्री होती. सांस्कृतिक मंत्री येकातेरिना फुर्त्सेवा, वय ५०. वडील पहिल्या महायुद्धात गेलेले, आई कापडगिरणीत विणकर. विश्नी वोलोच्योकच्या गिरणीत त्या स्वतःही कोवळ्या वयात मागावर उभ्या राहिल्या होत्या.

जून १९५७ विसरून पुढचा घटनाक्रम कळणार नाही. तेव्हा प्रेसिडियममधलं बहुमत पक्षप्रमुख ख्रुश्चेव्ह यांना खाली खेचायला निघालं होतं. मध्यवर्ती समितीची बैठक बोलावण्याचा आग्रह धरून ज्यांनी त्यांना तारलं, त्यांत फुर्त्सेवा होत्या. त्याच महिन्यात त्या प्रेसिडियमच्या पूर्ण सदस्य झाल्या. पण मे १९६० मध्ये पक्षाचं सचिवपद काढून घेऊन त्यांना सांस्कृतिक खातं दिलं गेलं. उतरण तिथूनच लागली होती.

३० ऑक्टोबर, सोमवार, सकाळी ११.३२
अधिवेशन चालू असतानाच उत्तर ध्रुववृत्तापलीकडे नोवाया झेमल्यावर सुमारे ५० मेगाटनांचा सोव्हिएत हायड्रोजन बॉम्ब फुटला. माणसाने केलेला आजवरचा सर्वांत मोठा स्फोट. त्याची मिनिटासकट नोंद आहे.

३० ऑक्टोबर, अधिवेशनात
स्टालिनचं शव लेनिनच्या समाधीतून हलवावं, असा ठराव आला. वृद्ध बोल्शेविक दोरा लाझुर्किना उठल्या. स्टालिनच्या छळछावण्या आणि हद्दपारी मिळून सतरा वर्षं त्यांनी काढली होती. लेनिन आपल्यासमोर उभे राहिले आणि स्टालिनशेजारी राहणं मला नको वाटतं म्हणाले, असं त्यांनी भरसभेत सांगितलं. ठराव एकमताने मंजूर झाला.

३१ ऑक्टोबर, मंगळवार
नव्या मध्यवर्ती समितीने अकरा जणांचं नवं प्रेसिडियम निवडलं. फुर्त्सेवांचं नाव नव्हतं. अरिस्तोव्ह, इग्नातोव्ह, मुखित्दिनोव्हही गळले होते. माझ्या मते खरी क्रूरता इथे आहे. आरोप नाही, चर्चा नाही, बाजू मांडायची सोय नाही. नाव गाळलं की झालं. फोनवर त्या ख्रुश्चेव्ह यांच्याबद्दल कडवट बोलल्या आणि ते त्यांच्या कानावर घातलं गेलं, असं पुढे अनेक वर्षं मॉस्कोत सांगितलं जाई. ज्यांच्यासाठी १९५७ मध्ये सगळं पणाला लावलं, त्यांनीच हात काढून घेतला, ही जखम मात्र निर्विवाद होती.

समारोपाचं सत्र
फुर्त्सेवा आल्या नाहीत. पती, उपपरराष्ट्रमंत्री निकोलाय फिर्युबिन, तेही आले नाहीत. फुर्त्सेवांनी जीव द्यायचा प्रयत्न केला आणि डॉक्टरांनी त्यांना वाचवलं, असं सत्तावर्तुळातल्या माणसांच्या आठवणींत आहे. बॉम्बस्फोटाची मिनिटासकट नोंद आहे, फुर्त्सेवांच्या घरातल्या त्या तासांची तशी नोंद नाही. पक्षाने मात्र सत्राला गैरहजर राहिल्याबद्दल दोघांना धारेवर धरलं. मरणाच्या दारातून परतलेल्या बाईकडे हजेरी मागितली गेली, हे वाचून आजही संताप येतो.

३१ ऑक्टोबर, रात्री दहाच्या सुमारास
लाल चौक बंद. सैनिकांनी स्टालिनची शवपेटी समाधीतून काढून क्रेमलिनच्या भिंतीलगत पुरली. गाजावाजा नाही, भाषण नाही. एका मेलेल्या हुकूमशहाला आणि एका जिवंत मंत्र्याला पक्षाने एकाच दिवशी गुपचूप दूर सारलं.

त्यानंतर
मंत्रिपद राहिलं, आणखी तेरा वर्षं. त्यांनी कलावंतांवर बंधनं घातली, चेलोवादक रोस्त्रोपोविचसारख्यांना त्याची झळ बसली. ते झाकण्यासारखं नाही. पण १९६४ मध्ये मिलानचं ला स्काला ऑपेरा मॉस्कोतल्या बोल्शोय नाट्यगृहाच्या रंगमंचावर आलं, १९७३ मध्ये चित्रकार शगाल मॉस्कोला आले आणि १९७४ च्या उन्हाळ्यात मोना लिसा मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात आली, तेही त्यांच्याच कारकिर्दीत. त्याच वर्षी मुलीच्या दाचाच्या, म्हणजे गावाबाहेरच्या बंगल्याच्या, बांधकामावरून पक्षाने त्यांना पुन्हा फैलावर घेतलं. ऑक्टोबर १९७४ मध्ये त्या गेल्या. अधिकृत कारण हृदयक्रिया बंद पडणं. पक्षाच्या त्या सर्वोच्च मंडळात पुढची स्त्री पूर्ण सदस्य व्हायला १९९० उजाडलं.