दिंडीची मूळ माणसं
शंभर वर्षांखाली गावातून पंढरीला कोण निघालं, हे हुडकण्यात आमचा आठवडा गेला. दोन दिवस तहसीलीत. निजामाच्या राज्यातले कागद उर्दूत, आम्ही चौथी शिकलेले. १९५४ ची खासरा पाहणी तेवढी वाचता आली, पण तिच्यात जमीनवाले आन् कुळंच. मग त्र्यंबकेश्वर गाठलं. गाव-आडनाव सांगितलं की तीर्थोपाध्याय वही काढतात. मोडीतलं पान त्यांनीच वाचलं. पणजा, त्याचे भाऊ निघाले. खाली आम्हीबी नातवंडं लिहून सही केली. डोक्यावर तुळस घेऊन चाललेल्या बाया मात्र कुठंच नाहीत. एकादशीचं कीर्तन उरकून, कपाशीला पाणी देऊन आत्याजवळ बसलो. तिनं जात्यावरच्या ओव्या म्हणत अकरा जणींची नावं सांगितली. यादीत तीच आधी घातली आहेत.